हवेची बंदूक, लोखंडी पाखरू

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

३० ऑगस्ट १८०३. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराच्या खाली तीन मैलांवर, ओहायो नदीतल्या एका बेटाला एक नवी कोरी नाव लागली. नावेचा म्होरक्या कॅप्टन मेरिवेदर लुईस. पश्चिमेकडचा अनोळखी मुलूख ओलांडून थेट प्रशांत महासागर गाठायच्या मोहिमेवर तो त्याच दिवशी निघाला होता. बेटावरच्या मंडळींनी आग्रह केला म्हणून त्याने आपल्याजवळची एक नवलाची बंदूक बाहेर काढली. दारू नाही, ठिणगी नाही, धूर नाही. नुसत्या कोंडलेल्या हवेवर चालणारी बंदूक. पंचावन्न यार्डांवर त्याने तिच्यातून सात वेळा नेम मारला आणि ते बऱ्यापैकी साधले. मग तिथल्याच एका गृहस्थाने ती हातात घेतली. तिची कळ त्याला ठाऊक नव्हती. ती अचानक उडाली आणि चाळीस यार्डांवर उभ्या असलेल्या एका बाईच्या टोपीतून गोळी कानशील कापत गेली. बाई कोसळली, रक्ताची धार लागली. सगळ्यांना वाटलं, संपलं. पण मिनिटभरात ती सावरली आणि जखमही वरवरचीच निघाली. अमेरिकेच्या इतिहासातल्या त्या गाजलेल्या मोहिमेची लुईसने लिहिलेली ही पहिलीच नोंद आहे.

मी कविता लिहिणारा माणूस. हवेच्या बंदुकीशी माझा संबंध मिरजेच्या उरुसातल्या फुग्यांपलीकडे कधी गेला नव्हता. या इतिहासात मी शिरलो तो माझ्या भाच्यामुळे. तो इंग्लंडमध्ये लेस्टरला नोकरी करतो. तिथल्या एका क्लबात तो ‘फील्ड टार्गेट’ नावाचा नेमबाजीचा खेळ पाहून आला आणि त्याला त्याचं वेडच लागलं. फोनवर म्हणाला, ‘‘मामू, बंदूक घ्यायचीय. स्प्रिंगवाली घेऊ की हवा भरायची? क्लबात दोन तट आहेत. कोणाचं ऐकू?’’ त्याच्या पाठोपाठ माझ्या बहिणीचा फोन. ‘‘भाईजान, त्याला समजवा. परका मुलूख, आपल्या नावाचा पोरगा आणि घरात बंदूक? लोक काय समजतील?’’

दोघांचे प्रश्न वेगवेगळे, पण दोन्हींना उत्तर द्यायचं तर आधी तो खेळ काय आहे ते समजून घ्यावं लागतं.

फील्ड टार्गेटची जन्मतारीख बहुतेक ठिकाणी एकच सापडते : ७ सप्टेंबर १९८०. जागा इंग्लंडच्या दक्षिणेतलं ईस्ट ससेक्समधलं मॅघम डाउन हे गाव. मॅग्नम एअरगन क्लबाने तिथे पहिली स्पर्धा घेतली. कल्पना शिकारीवरून सुचलेली, पण शिकार नसलेली. शेताच्या बांधावर, झाडांच्या गर्दीत पत्र्याचे ससे, उंदीर, कावळे उभे करायचे. प्रत्येकाच्या अंगात एक गोल भोक आणि त्यामागे एक लहानशी पट्टी. छर्रा भोकातून जाऊन पट्टीवर आदळला तर जनावर आडवं पडतं. छर्रा भोकाबाहेर पत्र्याला लागला तर ते हलत नाही, उलट अधिक घट्ट उभं राहतं. म्हणजे जवळपास लागलं म्हणून निम्मे गुण, असा प्रकार नाही. पडलं तर एक, नाही तर शून्य. पडलेलं जनावर दोरी ओढून पुन्हा उभं करतात आणि पुढचा नेमबाज बसतो.

हो, बसतो. बहुतेक नेम जमिनीवर छोट्या उशीवर बसून, कोपर गुडघ्यांवर टेकवून मारायचे असतात. काही मात्र गुडघ्यावर आणि काही उभ्याने. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लक्ष्य आठ ते पंचावन्न यार्डांच्या दरम्यान कुठेही असतं आणि भोकाचा व्यास १५ ते ४० मिलिमीटर. लुईसने बेटावर नेम मारला होता तेही अंतर पंचावन्नच यार्ड. योगायोगच, पण मला तो फार आवडला.

खेळाची खरी मेख अंतरात आहे. लक्ष्य किती लांब आहे हे कुणी सांगत नाही आणि लेझरने मोजायची परवानगी नाही. बंदुकीवरच्या दुर्बिणीच्या बाजूला एक मोठं चाक असतं. ते फिरवत चित्र अगदी स्पष्ट करायचं आणि चाकावर आपणच केलेल्या खुणेवरून अंतर वाचायचं. मग त्या अंतराला छर्रा किती खाली येईल तेवढी दुर्बीण वळवायची. ५५ यार्डांना ५० समजलात तर छर्रा साडेतीन-चार सेंटीमीटर खाली जातो. भोकच चार सेंटीमीटरचं, मध्यापासून कडेपर्यंत दोनच. म्हणजे नेम अचूक असूनही पाखरू उभंच. वरून वारा आहेच. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा, वारा त्याला कुठेही नेतो.

मग अधिक जोराची बंदूक का घेऊ नये? छर्रा वेगाने गेला तर कमी खाली येईल. इथे कायदा आडवा येतो. ब्रिटनमध्ये १९६८ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे १९६९ चे नियम यांनी हवेच्या रायफलीला १२ फूट-पौंडांची मर्यादा घातली. जूलमध्ये सांगायचं तर सोळाच्या थोडं वर. त्यापुढे गेलात की साध्या दुकानातली वस्तू परवान्याची होते. खेळ त्या मर्यादेतच वाढला आणि पुढे जगभर गेला तोही तीच मर्यादा घेऊन. त्यामुळे या खेळात सगळ्यांच्या हाती सारखाच जोर. ज्याने वृत्तात लिहिलं आहे त्याला हे लगेच कळेल : मात्रा सगळ्यांना तेवढ्याच, पुढचं ज्याचं त्याने बघायचं.

जोर सारखा असेल तर प्रश्न उरतो तो एवढाच की तो जोर साठवायचा कुठे. भाच्याचा प्रश्न हाच होता आणि तो दोनशे वर्षांहून जुना आहे.

लुईसच्या हातातली बंदूक कोणती, यावर बरीच वर्षं वाद होता. ती गिरार्दोनी पद्धतीची होती, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. बार्थोलोमेउस गिरार्दोनी हा टायरोल प्रांतातला कारागीर. त्याची रायफल १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने घेतली. ज्या काळात शिपाई एक गोळी झाडून, नळीत पुन्हा दारू ठासून, पुढच्या गोळीसाठी उभा राहायचा, त्या काळात ही रायफल वीस-बावीस गोळ्या एकामागून एक सोडायची. दस्ता हीच हवेची टाकी. ती पोकळ, धातूची, वरून चामडं चढवलेली. धूर नसल्याने शिपाई कुठे लपलाय ते शत्रूला दिसायचं नाही आणि पावसात दारू भिजायची भीती नाही.

एवढं असून ती गेली. १८१५ च्या सुमारास सैन्यातून ती पुरती बाद झाली होती. कारण तिच्या पंपात होतं. एक टाकी भरायला हातपंपाचे सुमारे पंधराशे झटके मारावे लागत. तीसेक गोळ्यांनंतर हवेचा दाब उतरायचा आणि गोळी लवकर खाली यायला लागायची. प्रत्येक शिपायासोबत भरलेल्या जादा टाक्या द्याव्या लागत. टाकीच्या सांध्यांतून हवा झिरपायची, चामड्याचे वायसर वाळायचे, तडकायचे. ती दुरुस्त करणारा कारागीर पलटणीबरोबर फिरवावा लागे आणि शिपायालाही वेगळं शिक्षण द्यावं लागे. बंदूक उत्तम, तिच्या मागचा पसारा न झेपणारा. आज कुणी नवशिक्या हवा भरायच्या बंदुकीसमोर उभा असतो तेव्हा बंदूक बघून भुलतो आणि पसारा विसरतो, म्हणून गिरार्दोनीची गोष्ट मी भाच्याला सविस्तर सांगितली. तो हसला. म्हणाला, ‘‘मामू, आता पंधराशे झटके नाही मारावे लागत.’’ खरंय. पण पसारा आहेच. त्याकडे येतो.

दुसरा रस्ता स्प्रिंगचा. त्याचं मूळही जुनंच. दस्त्यात लोहाराच्या भात्यासारखा छोटा भाता आणि तो झटक्यात दाबणारी स्प्रिंग, अशा बंदुका युरोपात दरबारी करमणुकीसाठी होत्या. हवेच्या बंदुकीचा सगळ्यांत जुना नमुना म्हणून स्टॉकहोमच्या राजेशाही शस्त्रसंग्रहालयातली १५८० च्या सुमाराची बंदूक दाखवतात, तीही भात्याचीच. एकोणिसाव्या शतकात भात्याच्या जागी नळकांडं आणि दट्ट्या आला. आणि मग १९०५ मध्ये बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्यातून लिंकन जेफरीज या बंदूककाराच्या आराखड्याची रायफल बाहेर पडली. नळी पक्की बसवलेली, तिच्याखाली एक दांडा. दांडा खाली ओढला की आतली स्प्रिंग दबते. इंग्लंडातल्या कामगार वस्त्यांमध्ये पबांतून या बंदुकांचे सामने रंगू लागले. लोखंडी पाटीला एक छोटं भोक, मागे घंटा. छर्रा भोकातून गेला की घंटा वाजायची. फील्ड टार्गेटचं भोक कुठून आलं असेल ते मला हे वाचताना उमगलं. निदान माझा तरी तसा समज झाला.

उरुसात, जत्रेत फुगे फोडायला आपल्या हाती येते ती याच कुळातली, नळी मधोमध मोडून भरायची गरीब बहीण. तिची नळी वाकडी असते हा आपला सार्वत्रिक संशय. असेलही. पण खरी गंमत वेगळीच आहे. चाप ओढला की आतला दट्ट्या पुढे धावतो आणि बंदूक मागे सरकते. मग दट्ट्या हवेच्या उशीवर आपटतो आणि बंदूक पुढे उसळते. हे दोन्ही धक्के बसून जातात तरी छर्रा अजून नळीतच असतो. म्हणून स्प्रिंगची बंदूक घट्ट आवळून धरली की नेम बिघडतो. तिला तळहातावर नुसतं टेकू द्यावं लागतं, दर वेळी अगदी त्याच जागी, आणि चाप ओढल्यावरही छर्रा पोचेपर्यंत हलायचं नाही. उरुसात आपण पैसे दिलेत म्हणून जीव खाऊन बंदूक आवळतो आणि फुगा तसाच डोलत राहतो.

१९८० नंतरची पहिली काही वर्षं फील्ड टार्गेटवर स्प्रिंगचंच राज्य होतं. जर्मनीतल्या वायराउख कंपनीची एचडब्ल्यू ७७ ही रायफल त्याच दशकाच्या आरंभी आली. पक्की नळी, खाली दांडा, म्हणजे जेफरीजचाच वसा. तिने मैदान मारलं. पण त्याच सुमारास स्टॅफर्डशायरमधल्या डेस्टेट नावाच्या छोट्या कंपनीने गिरार्दोनीचं भूत पुन्हा उठवलं. ही मंडळी मुळात जनावरांना बेशुद्ध करण्यासाठी औषधाची सुई मारणाऱ्या बंदुका बनवत. ती कोंडलेल्या हवेची विद्या त्यांनी छर्ऱ्याच्या रायफलीत आणली. नळीखाली हवेची टाकी, पाणबुड्यांच्या सिलिंडरमधून भरायची. आज अशा टाकीत दोनशे बारच्या आसपास दाब असतो, मोटारीच्या चाकातल्या हवेच्या साधारण नव्वदपट. एकदा भरली की कितीतरी छर्रे आणि धक्का जवळजवळ नाहीच. या पद्धतीला प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक म्हणतात, थोडक्यात पीसीपी. बघता बघता वरच्या क्रमांकांवर पीसीपीवालेच दिसू लागले. स्प्रिंगवाल्यांसाठी मग वेगळा गट करावा लागला. तो जागतिक स्पर्धेतही आहे. आणि स्प्रिंगही मेली नाही. मॅघम डाउनच्या शेजारीच हेल्शम हे गाव आहे. तिथल्या एअर आर्म्स कंपनीने एचडब्ल्यू ७७ च्या वाटेने जाणारी टीएक्स २०० काढली आणि स्प्रिंगच्या गटात ती ठाण मांडून बसली.

इथे एक खुलासा करायला हवा, कारण आपल्याकडे ‘एअर रायफल’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतात त्या सिडनीत २००० साली अंतिम फेरी गाठणाऱ्या अंजली भागवत, अथेन्सला २००४ साली तिथवर गेलेल्या सुमा शिरूर आणि बीजिंगचं २००८ चं अभिनव बिंद्राचं सुवर्णपदक. ती दहा मीटरची ऑलिंपिक रायफल. घर तेच, पण ती फार नाजूक. तिचा जोर फील्ड टार्गेटच्या मर्यादेच्या साधारण निम्मा. दहा मीटरवर ती केसाइतका नेम साधते, पण पंचावन्न यार्डांवर वाऱ्यात तिचं काही चालत नाही. आपल्या क्लबातली जुनी ऑलिंपिक रायफल घेऊन हा खेळ सुरू करीन म्हणणाऱ्याने तो बेत सोडावा.

मग भाच्याने काय घ्यावं? पीसीपीच्या बाजूने खरं बोलायचं तर गुण तीच जास्त देते. धक्का नसल्याने नवशिक्याला अंतर आणि वारा या दोनच गोष्टींचा विचार करावा लागतो. पण बंदुकीबरोबर सिलिंडर आला, त्याची नळी, दाबमापक, ठरलेल्या मुदतीने करायची तपासणी आली. हातपंप मिळतो, पण घाम काढतो. टाकीतला दाब उतरत जातो तसा छर्ऱ्याचा वेग बदलतो. त्यासाठी आत रेग्युलेटर असलेली घ्यावी लागते. आणि एखादं वायसर झिरपलं की त्या दिवसाचा सामना तिथेच संपला. गिरार्दोनीच्या शिपायाचीच व्यथा.

स्प्रिंगची बंदूक हे काही मागत नाही. दर वेळी दांडा ओढायला साधारण पंधरा किलोचा जोर लागतो. चाळीस-पन्नास लक्ष्यांनंतर खांदा दुखतो हे खरं. दुर्बीण मात्र स्प्रिंगसाठीच बनवलेली घ्यावी, कारण तो उलटसुलट धक्का चांगल्या चांगल्या दुर्बिणी खिळखिळ्या करतो. आणि नळी मोडून भरायची घेण्यापेक्षा खाली दांडा असलेली बरी. नळी हलत नाही, म्हणजे चुकीचा संशय घ्यायला एक जागा कमी.

माझं मत मी त्याला सांगितलं. क्लबात भरायचा सिलिंडर असेल, दर आठवड्याला जाणं होणार असेल आणि स्पर्धा जिंकायची घाई असेल तर पीसीपी घे. नाही तर खाली दांड्याची स्प्रिंग घे. ती तुझी प्रत्येक हालचाल तुला दाखवील. पीसीपी तुझे दोष पोटात घालते, स्प्रिंग घालत नाही. क्लबातल्या जुन्या माणसांनीही त्याला हेच सांगितलं, तेव्हा मला थोडं बरं वाटलं. त्याने एक वापरलेली एचडब्ल्यू ७७ घेतली. पहिल्या सामन्यात चाळीसपैकी अकरा पडली.

बहिणीच्या प्रश्नाला इतिहासात सरळ उत्तर नाही. मी तिला कायदा सांगितला : इंग्लंडमध्ये बारा फूट-पौंडांखालच्या रायफलीला परवाना लागत नाही, पण विकणारा नोंदणीकृत हवा, घेणारा अठरा वर्षांचा हवा, छर्रा आपल्या आवाराबाहेर गेला तर तो गुन्हा. बंदूक मुलांच्या हाती पडू नये याची काळजी मालकानेच घ्यायची. स्कॉटलंडने तर २०१६ च्या अखेरीपासून परवानाच सक्तीचा केला. तिला कायद्यात रस नव्हता. तिला भीती वाटते ती कायद्याच्या पुस्तकात नसलेल्या गोष्टीची आणि ती भीती मला खोटी म्हणता येत नाही. भाच्याने मात्र एक केलं. बंदूक घरी आणायच्या आधी तो डाव्या-उजव्या शेजाऱ्यांच्या दारात जाऊन सांगून आला. उजवीकडच्या म्हाताऱ्याने तरुणपणी घंटेचे सामने पाहिलेले निघाले. त्याने चहाला बसवलं.

या बंदुकीला दुसरी एक बाजू आहे. ती विसरून हा विषय सोडता येत नाही. मुंबईत १९०८ च्या सुमारास खेतवाडीतल्या एका मुलाने खेळण्यातल्या हवेच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मुलाचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे धाडलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी ती पिवळ्या कंठाची चिमणी असल्याचं सांगितलं आणि त्या मुलासमोर भुसा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. त्यांच्या आत्मचरित्राचं नावही त्या चिमणीवरूनच आहे. पुढे त्यांनीही नमुने गोळा करायला बंदूक वापरली, त्या काळी पक्षिशास्त्राची रीतच ती होती. पण सालिम अली एकच झाला. ज्या हजारो पोरांच्या हाती छर्ऱ्याची बंदूक आली त्यांच्यातल्या बहुतेकांनी मैना आणि होले पाडले आणि विसरले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही हे थांबलं नाही. अरुणाचल प्रदेशात २०२१ साली सरकारने लोकांना हवेच्या बंदुका आपणहून जमा करायचं आवाहन केलं, तेव्हा वर्ष सरेपर्यंत सोळाशेहून अधिक बंदुका जमा झाल्या. रान मुकं झालंय, हे तिथल्या माणसांना दिसत होतं.

भाच्याला मी फोनवर एवढंच बजावलं की सराव कागदावर आणि पत्र्यावरच. त्याने मागच्या अंगणात छर्रे अडवायला जाड लाकडाची पेटी केली आहे, आत रबराचे तुकडे ठासलेले, मागे विटांची भिंत. कुंपणावर रॉबिन येऊन बसतो तेव्हा तो बंदूक खाली ठेवून तो उडेपर्यंत थांबतो. कधी कधी पंधरा मिनिटं जातात, म्हणाला, रॉबिन फार आगाऊ पक्षी आहे.